कुणाचाच नसलेला बल्ब

१

कृष्णातचं कुठलंही काम खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवण्यापासून सुरू व्हायचं. मग रबरी तळव्याचे बूट, मग अर्थिंगची तपासणी, मग मेन स्विच. नवरात्रात मंडळाची पोरं मागं उभी राहून "दादा, उरका की" म्हणून कितीही ओरडली, तरी हा क्रम त्यानं कधी मोडला नव्हता. लाइटच्या धंद्यात केस पांढरे व्हायला लागले तरी हातावर भाजल्याचा एक डाग नव्हता, आणि त्याचा त्याला थोडा गर्वही होता. बायको अनुजा चारचौघांत सांगायची, की ह्या माणसानं लग्नात अंतरपाट धरायच्या आधी मांडवाची वायरिंग बघून घेतली. ते खरंच होतं.

ह्या जानेवारीत आलेलं काम मात्र मांडवाचं नव्हतं. उद्यमनगरात अण्णासोंची फौंड्री बऱ्याच वर्षांपासून बंद पडून होती. भिंती काजळीनं काळ्या, जमिनीवर साच्याची काळी वाळू अजून तशीच पसरलेली. संघर्ष नावाच्या एका तरुण चित्रकाराला ती शेड हवी होती. त्याचे आजोबा ह्याच शेडमध्ये साचे भरायचे. त्याला तिथं दोनशेवर बल्ब टांगायचे होते, आणि प्रत्येक बल्ब कुणा ना कुणाच्या कपाळाच्या उंचीवर. कोण इथं राबलेले कामगार, कोण त्यांच्या घरची माणसं. संध्याकाळी सगळे बल्ब सावकाश उजळायचे आणि सावकाश मंदावायचे, श्वास घेतल्यासारखे.

जिवंत माणसं येऊन लोखंडी खांबाला पाठ लावून उभी राहायची आणि संघर्ष खडूनं रेघ मारायचा. गेलेल्यांची उंची घरची माणसं हवेत हात धरून दाखवायची. "आमचा बाबा एवढा हुता," असं म्हणून एखादी म्हातारी हात वर करायची आणि तो तसाच धरून ठेवायची, जरा जास्तच वेळ. कृष्णात टेप लावून ती उंची मोजून घ्यायचा. अनुजा प्रत्येक वायरीला नाव लिहिलेली कापडी पट्टी बांधायची.

काम दोघांच्या आवडीचं होतं. दुपारी शेडच्या दारात बसून डबा खाताना अनुजा गुणगुणायची, आणि कृष्णातला वाटायचं की सगळं असंच चालू राहावं.

२

तसं वाटायला कारण होतं. दोघांना मूल नव्हतं. दवाखान्याच्या चकरा झाल्या होत्या, वाडीच्या दत्ताला खेपा झाल्या होत्या, दरवेळी आशा लावून घेऊन दरवेळी अनुजा आठवडाभर भिंतीकडं तोंड करून झोपली होती. गेल्या दिवाळीत एका संध्याकाळी दोघांनी चहा पिता पिता ठरवलं, की आता बास. कपाटातली लहान झबली, टोपडी तिनं गडहिंग्लजच्या भावजयीला देऊन टाकली. आणि काय आश्चर्य, घर हलकं झालं. ती पुन्हा हसायला लागली, रात्री शांत झोपायला लागली. हे सुख पातळ काचेचं आहे हे कृष्णातला ठाऊक होतं. त्याला धक्का लागू नये, एवढंच त्याचं आता देवाकडं मागणं होतं.

शेडमधलं काम त्यानं नेहमीसारखं जीव ओतून केलं. सगळे बल्ब तीन फेजवर सारखे वाटले. प्रत्येक सर्किटला लोड वाढला की आपोआप पडणारा वेगळा एमसीबी, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक ईएलसीबी, म्हणजे कुणाला झटका बसलाच तर डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तुटावी. उजेड कमी-जास्त करणारे डिमर लावले की न्यूट्रल तापते, म्हणून न्यूट्रलची वायर जाड घेतली. प्रत्येक होल्डरच्या आत वायरीला गाठ मारली, म्हणजे बल्बचं वजन स्क्रूवर येत नाही. छताखाली ताणलेल्या लोखंडी तारेला एकेक वायर प्लॅस्टिकच्या टायनं घट्ट आवळली. ओढून बघितली. पुन्हा ओढून बघितली.

बल्ब एलईडीचे होते. जुने तारेचे एवढे बल्ब लावले असते तर भट्टी पुन्हा पेटल्यासारखी शेड तापली असती. पण कोपऱ्यातल्या शेवटच्या सर्किटवर जेमतेम पाच-सहाच बल्ब आले, आणि एवढ्याशा लोडवर डिमर नीट चालेना. मंद केले की ते बल्ब फडफडायचे आणि बंद केले तरी पुरते विझायचे नाहीत. ह्याला उपाय सोपा असतो. त्याच सर्किटवर साठ वॅटचा एक जुना तारेचा बल्ब जोडायचा, म्हणजे डिमरला पुरेसं वजन मिळतं. लाइटवाले त्याला डमी म्हणतात. असा बल्ब आता सहज मिळत नाही. कृष्णातनं तो कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानातून आणला, तिथं पिल्लांना ऊब द्यायला ठेवतात त्यातला.

खरं तर डमी वर तुळईला, लोकांच्या नजरेआड बांधायचा. पण तुळईपर्यंत पोचणारी मोठी शिडी शेडच्या दुसऱ्या टोकाला होती, दिवस कलला होता, आणि वायर उरलेली लांब होती. भट्टीमागच्या कोपऱ्यात कोण बघतंय म्हणून त्यानं तो बाकीच्यांसारखाच तारेला टांगला. पार खाली आला, गुडघ्याएवढ्या उंचीवर.

"ह्यो कुणाचा?" अनुजानं विचारलं. तिच्या हातात पट्टी होती.

"कुणाचाच न्हाय. डमी हाय. लोडसाठी."

"पण टांगलाय न्हवं?" असं म्हणून तिनं कोरी पट्टीच त्याला बांधली आणि डबा धुवायला गेली.

३

पहिल्या संध्याकाळी अख्खी गल्ली लोटली. अण्णासो स्वतः धुवट टोपी घालून दारात उभे राहिले, आपल्याच बंद कारखान्यात पाहुणे आल्यासारखे. कृष्णातनं डिमरची पट्टी सावकाश वर नेली, आणि अंधारातून दोनशेवर पिवळे ठिपके उगवले.

मग एक गंमत झाली. तिन्हीसांजेला घरात दिवा लागला की हात जोडायची बायकांची सवय. बल्ब उजळताच सगळ्यांचे हात आपसूक जुळले. पण हे दिवे माणसांच्या उंचीवर होते. त्यामुळं सासू सुनेच्या बल्बला हात जोडतेय, तर शेजारीण शेजारणीच्या, असं सुरू झालं आणि हशा पिकला. मग हळूहळू हसू थांबलं. लोक आपापल्या माणसाच्या बल्बसमोर उभे राहिले, कुणी कुणी बोलायलाही लागले. संघर्ष भिंतीला टेकून ते बघत होता आणि त्याला डोळे पुसायची आठवण राहिली नव्हती.

कृष्णातचं अर्धं लक्ष एमसीबीकडं होतं. एकही पडला नाही. वायरी गार होत्या. रात्रीचं जेवण त्यानं दोन भाकरी जास्त खाऊन साजरं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकेक वायर बघत कोपऱ्यात आला. डमी गुडघ्याच्या थोडा वर दिसला. त्यानं आपल्या गुडघ्याकडं बघितलं, पुन्हा बल्बकडं बघितलं. काल बूट घातले होते, आज अजून चपलाच आहेत, म्हणून तसं वाटत असेल असं त्यानं ठरवलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की बुटात तर माणूस उंच होतो. चपलेत बल्ब गुडघ्याच्या वर दिसायला पाहिजे हे बरोबरच होतं. त्याला बरं वाटलं आणि तो पुढच्या वायरीकडं वळला.

तरी जाता जाता त्यानं शेजारच्या खांबावर, बल्बच्या उंचीवर, खडूची एक रेघ मारून ठेवली.

४

त्याच्या दुसऱ्या दिवशी बल्ब रेघेच्या चार बोटं वर होता.

कृष्णात माणूस हिशोबी. त्यानं एकेक कारण तपासलं. वरची लोखंडी तार थंडीनं आखडली असेल, तर शेजारचे बल्बही वर जायला हवेत. ते जागचे हलले नव्हते. उंदीर म्हणावं, तर उंदीर वायर कुरतडतो, वर ओढत नाही. संघर्षला विचारलं तर तो म्हणाला, "दादा, तुमच्या वायरीला हात लावायची माझी टाप हाय व्हय?" शेडची किल्ली अण्णासोंकडं. त्यांचे गुडघे इतके दुखायचे, की खाली वाकून काही करणं त्यांच्याच्यानं होणारं नव्हतं.

त्यानं नवी रेघ मारली. पुढच्या दिवशी त्याच्या वर आणखी एक मारावी लागली, मग आणखी एक. कधी चार बोटं, कधी वीतभर. बल्ब मांडीपर्यंत आला, मग कमरेच्या खाली येऊन पोचला.

एका सकाळी शेडमध्ये दुसरं कुणी नसताना त्यानं शिडी लावली आणि वर जाऊन टाय तपासला. जसा आवळला होता तसाच होता. मग वरपासून खालपर्यंत टेप धरून वायर मोजली. जेवढी सोडली होती तेवढीच भरली. बोटभरही कमी नाही.

तो शिडीवरच थांबला. वायर तेवढीच आणि बल्ब वर, हे कसं व्हावं? त्यानं वरून खाली बघितलं, आणि इतके दिवस समोर असून न दिसलेली गोष्ट त्याला दिसली. टांगलेल्या बल्बची वायर ताठ असते. दोनशेच्या दोनशे वायरी सुतात ताठ होत्या. ह्या एका बल्बची वायर सैल होती. मधेच एका बाजूला झोळ घेऊन ती खाली येत होती.

बल्ब वरून कुणी ओढत नव्हतं. तो खालून कशावर तरी टेकला होता.

बल्बखाली काहीही नव्हतं. वाळू होती. कृष्णात सावकाश खाली उतरला, शेवटच्या पायरीवर पाय ठेवताना त्यानं कोपऱ्याकडं पाठ होऊ दिली नाही. खांबावर त्याच्याच हातच्या रेघा एकावर एक चढत गेल्या होत्या. स्विच बदलायला म्हणून त्यानं आयुष्यात कितीतरी घरं बघितली होती, आणि लेकराबाळांच्या घरात दाराच्या चौकटीवर अशाच रेघा असतात. त्यानं नकळत तेच केलं होतं.

टेप गुंडाळून त्यानं पिशवीत ठेवला आणि चहा प्यायला तो बाहेर गेला.

५

बाजारातून त्यानं एक रेझिस्टन्स आणला. बल्बच्या जागी तो जोडला की डिमरचं काम भागतं, आणि डमीची गरजच उरत नाही. कोपऱ्यात आल्यावर त्यानं आधी ओला फडका घेतला आणि खांबाला लावला.

"पुसू नका," मागनं अनुजा म्हणाली.

तिनं भट्टीजवळ एक पोतं अंथरलं होतं. आता त्याला दिसलं, की पोतं बसून बसून मऊ झालं होतं.

"तू कवापासनं बघालीस हे?"

"तुमी रेघ मारला त्याच्या आदल्या सांजंपासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी भ्याला असता."

"भ्यायचंच हाय की, अनुजा. वायर सैल हाय. बल्ब खाली यायला पायजे."

"येईना झालाय न्हवं?" ती पोत्यावर बसली. "मी बसतो हितं. कामाला लागा तुमी."

त्याला राग यायला हवा होता. पण त्याला भीती वाटत होती, आणि ती कोपऱ्याची कमी, तिची जास्त होती. पुन्हा आशा, पुन्हा भिंतीकडं तोंड. दिवाळीपासून जपलेलं सगळं ह्या एका साठ वॅटच्या बल्बानं फुटणार होतं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "आपण थांबायचं ठरवलो न्हवं? दोघांनी मिळून."

"व्हय. ठरवलो आणि थांबलो." ती हे अगदी साध्या आवाजात बोलली, भाजीत मीठ घातलं म्हणावं तसं. "पण ते आधीच निघालं असंल तर? त्याला कोण सांगाया गेलतं?"

 दुपारची चाचणी म्हणून शेवटचं सर्किट अर्ध्यावर चालू होतं. बल्बचा पिवळा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. तिनं हात पुढं केला. "भाजंल" हा शब्द त्याच्या ओठांवर आला, पण तिचा हात काचेवर गेलाच नाही. तो बल्बच्या थोडा मागं आणि वर, जिथं वायर झोळ घेऊन पडली होती तिथं जाऊन थांबला. हवेत. आणि हवेत धरलेला हात थोड्या वेळानं थकतो, थरथरतो. तिचा हात थरथरत नव्हता. तो टेकलेला होता.

"ऊब हाय," ती म्हणाली.

तिच्या चेहऱ्यावर आशा नव्हती. आशा त्याला ओळखू यायची, तिच्यात एक ताण असायचा. हे दुसरंच होतं. कामावरून घरी आल्यावर पाय धुऊन टेकलेल्या माणसासारखी ती दिसत होती. कृष्णातनं फडका पिळून खांबाच्या खिळ्याला वाळत घातला. रेझिस्टन्स पिशवीतच राहिला.

६

शेवटच्या संध्याकाळी संघर्ष म्हणाला, "दादा, आज तुमच्या हातानं बंद करा."

लोक शेडभर उभे होते, जो तो आपापल्या बल्बजवळ. अनुजा दाराशी, पर्स खांद्याला लावून. कोपऱ्यापासून सगळ्यात लांब. कृष्णातनं तिला तसं सांगितलं होतं, आणि तिनंही वाद घातला नव्हता.

त्यानं डिमरची पट्टी खाली आणायला सुरुवात केली. बल्ब मंदावले, तसे आधी भिंतींचे कोपरे गेले, मग माणसांचे पाय, मग चेहरे.  पट्टी तळाला टेकली आणि एलईडी एकदम गेले. जुन्या बल्बची तार मात्र लगेच विझत नाही. ती थोडा वेळ लाल राहते. अख्ख्या अंधारात तेवढी एकच लाल रेघ उरली.

ती रेघ कोपऱ्यात नव्हती.

बल्ब त्याच्या जागेपासून पुढं आला होता, दाराच्या दिशेनं, भट्टीच्या कडेपर्यंत. वायरीचा झोळ संपला होता. ती तिरपी, ताठ ताणली गेली होती. गाय गोठ्याच्या दारात दिसली की खुंट्याला बांधलेलं वासरू दावं ताणतं, तशी. त्या लाल उजेडात, बल्बच्या खाली, क्षणभर काहीतरी गोलसर, गालासारखं, उजळलं का?

तार विझली. वाळूवर बारीक, भरभर आवाज झाला. तो कृष्णातच्या जवळून गेला आणि त्याच्या पँटीला, मांडीपाशी, ऊन हवेचा झोत लागला. दाराशी अनुजा हळूच हसली. त्याच्या चांगल्या ओळखीचं हसू होतं ते, पण इतकं भरलेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

त्यानं ट्यूबचं बटण दाबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णासोंनी नाक शिंकरलं. कोपऱ्यात डमी खाली, गुडघ्याच्या उंचीवर, ताठ वायरीला लोंबत होता आणि स्वतःभोवती सावकाश फिरत होता. कृष्णातनं मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, मग जाऊन तो काढला. आत्ताच विझलेला बल्ब हातात धरवत नाही. हा गार होता.

वाळूत काय उमटलंय हे बघायचं त्यानं टाळलं.

७

घरी जाताना अनुजा मोटरसायकलवर नेहमीपेक्षा जरा मागं सरकून बसली. मधे जागा राहिली.  कृष्णातच्या पाठीला, कमरेच्या जरा वर, ऊब लागत होती. वाटेतल्या गतिरोधकांवर त्यानं गाडी पार हळू केली.

महाद्वार रोडवर दुकानं अजून उघडी होती. "थांबा जरा," अनुजा म्हणाली. "थंडी हाय."

स्वेटरचं दुकान होतं. दुकानदारानं लहान मुलांचे स्वेटर गादीवर पसरले आणि विचारलं, "केवढ्या पोराचं, वैनी?"

अनुजानं वय सांगितलं नाही. ती वळून कृष्णातकडं बघायला लागली. तिच्या डोळ्यात विनवणी नव्हती की धाक नव्हता. उंच्या मोजायचं काम ह्या घरात त्याचं, एवढंच त्या बघण्यात होतं.

कृष्णात जागच्या जागी उभा राहिला. डोक्यात हिशोब आपोआप चालू झाला होता. गुडघ्यापासून कमरेपर्यंत यायला एवढे दिवस, म्हणजे ह्या चालीनं आठवड्याभरात आपल्या खांद्याला, आणि महिन्याच्या आत घराच्या चौकटीला. त्यापुढचा हिशोब त्यानं केला नाही. "नको, चल घरी" एवढं म्हटलं असतं तरी ती मुकाट्यानं गाडीवर बसली असती, हे त्याला माहीत होतं. मग घरी जाऊन ती कुठं तोंड करून झोपली असती, तेही माहीत होतं.

त्यानं हात पुढं केला आणि कमरेपाशी, हवेत, तळवा खाली करून धरला.

"एवढं," तो म्हणाला.

तळव्याखाली ऊब आली. मग ती तळव्याला टेकली, मऊ, आणि जरा वर दाबली गेली. कृष्णातनं हात काढला नाही.

दुकानदारानं मापाचा एक स्वेटर उचलला. "हे बघा, बरोब्बर बसंल."

"जरा मोठंच द्या," कृष्णात म्हणाला. "वाढत्या अंगाचं."